सोबतीची अ‍ॅडमिशन

नाही, पण मी म्हणतो, बूट कशाला काढायला लावायचे? देवळाबाहेर काढतो, ठीक आहे, आत देव असतो. घराबाहेर काढतो, ठीक आहे, आत बायको असते. पण कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर, बंद दारासमोर, पन्नाशी उलटलेल्या माणसाला अर्ध्या वयाच्या पोरापोरींच्या देखत वाकून नाड्या सोडायला लावायच्या, आणि कारण काय, तर 'काका, आत कम्प्युटर आहेत, त्यांना धूळ चालत नाही'... अहो, ह्या माणसानं उभं आयुष्य वागळे इस्टेटमध्ये लेथवर काढलं, ते मशीन तेलात, ग्रीसमध्ये, लोखंडाच्या भुश्यात लडबडलेलं असायचं, त्यानं कधी तक्रार केली नाही, आणि ह्यांच्या मशीनला मोज्यांशिवाय भेटायचं नाही. वर खोलीला एसी. बाहेर माणसं घामानं निथळतायत आणि आत मशीन गारव्यात बसलंय, आपलं शांत, बिनघोर, अंगावर प्लास्टिकचं झबलं घालून.

तर तुम्हाला सांगतो, गुणाजी मोरेकर त्या दारातून आत गेला तो कम्प्युटर शिकायला गेलाच नव्हता. सोबतीला गेला होता. सुनेच्या.

गुणाजी आमचा चेंदणी कोळीवाड्यातला, माझ्याच कंपनीतला. कंपनीला टाळं लागलं तसा घरी बसला. भरती बघून खाडीत होडी घालायचा, ओहोटीला जाळं शिवायचा, आणि मधल्या वेळात बायकोच्या पायात पायात यायचा. बायको जनाबाई, मार्केटात मासळी विकणारी, आवाज असा की गिऱ्हाईक भाव न करताच पिशवी उघडतं. मुलगा दौलत मालवाहू बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. त्याची बायको मालू. डोंबिवलीच्या मोठागावची पोर, बारावी झालेली, बोलायला कमी, पण अक्षर... तुम्ही बघायला हवं होतं. मंडळाच्या फळ्यावर तिनं 'उद्या पाणी येणार नाही' लिहिलं तरी लोक थांबून दोनदा वाचायचे आणि खूश होऊन जायचे.

तर ह्या मालूनं कॉलेजच्या गेटवरची पाटी वाचली. संध्याकाळचा कोर्स, कम्प्युटर ग्राफिक्स आणि डीटीपी, वयाची अट नाही. घरी येऊन भीत भीत सासूला म्हणाली, "आई, मी डीटीपी करू?"

जनाबाई म्हणाली, "ते तर पोरांना टोचतात ना गो? तुला कशाला आता?"

मग तिनं समजावलं की इंजेक्शन नव्हे, कम्प्युटरवर पत्रिका, पुस्तकं, जाहिराती तयार करायच्या. बोटीवरून दौलतचा फोन आला, तो म्हणाला शिकू दे. जनाबाई विचार करून म्हणाली, "शिक. पन संध्याकालचा क्लास, सुटेपरत कालोख पडतो. एकटी नाय जायाचं. हा बसलाय ना घरात, हा येल तुझ्या सोबतीला." हा म्हणजे कोण, ते कळलंच तुम्हाला. आणि पुढं बजावलं, "फकस्त कोर्स हां. नोकरीबिकरी नाय. घरात मानूस पायजे."

पहिल्या दिवशी गुणाजी मालूला वर सोडून दाराबाहेर बाकावर बसला, तर वॉचमन आला. विद्यार्थ्यांशिवाय ह्या मजल्यावर कोणी थांबायचं नाही. गेटबाहेर थांबा. गेटबाहेर गटार, गटारावर डास. गुणाजी परत वर आला. तेवढ्यात क्लासच्या मॅडम आल्या. लक्ष्मी मॅडम. एवढीशी पोरगी हो, चष्मा नाकावर, पण एकदम कडक. म्हणाल्या, "काका, रूल इज रूल. गेटबाहेर थांबा नाहीतर अ‍ॅडमिशन घ्या." चेष्टेत म्हणाल्या असतील. पण गुणाजीला डासांची आठवण झाली आणि त्यानं विचारलं, "फार्म कुठं भेटतो?"

अशी ही अ‍ॅडमिशन.

आता खरी गंमत ऐका. मशीन कमी, विद्यार्थी जास्त, म्हणून एका कम्प्युटरवर दोघं. जोड्या कशा लावल्या? आडनावानं. मोरेकर गुणाजी, मोरेकर मालू. सासरा आणि सून, एक कम्प्युटर, एक माऊस! घरी जिच्यासमोर तो बनियनवर येत नाही, जी त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, तिच्या खांद्याला खांदा लावून बसायचं? शक्य आहे का? मग दोघांनी काय करावं, मध्ये एक खुर्ची मोकळी ठेवली. कम्प्युटर त्या मोकळ्या खुर्चीसमोर. हा डावीकडून वाकून बघतोय, ती उजवीकडून वाकून बघतेय, आणि मधल्या खुर्चीवर कोण, तर कोणी नाही. मॅडमनी विचारलं, "इथे कोण बसतं?" गुणाजी म्हणाला, "मर्यादा." वर्ग हसला. मॅडम नाही हसल्या. खुर्ची राहू दिली.

गुणाजी आपला ठरवून बसलेला की तू चालव, मी बघतो. पण मॅडम ऐकतात होय? "मोरेकर काका, माऊस धरा." धरला. तुम्हाला सांगतो, खाडीतली चिंबोरी धरतात ना, मागून, दोन बोटांनी, नांगीनं चावू नये म्हणून, तसा धरला. तो बाण पडद्यावर इकडून तिकडे पळायला लागला. माऊस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला गेला, आणि गुणाजीनं शेजारच्या पोराला सांगितलं, "जरा टेबल पुढं घ्या, माझी जागा संपली." मालूनं पदर तोंडात धरला. हसू आवरेना तिला. मग हळूच म्हणाली, "आबा, उचलून परत मागे ठेवायचा. बाण तिथंच राहतो."

उचलला. मागे ठेवला. बाण खरंच तिथंच.

तिथून हे सुरू झालं बघा. मॅडमनी मराठीत 'म' काढला. म्हणजे काढला नाही, एक बटण दाबलं. उमटला. मग त्याच्या कोपऱ्याला धरून ओढला, आणि तो 'म' वाढायला लागला... पाटीएवढा, खिडकीएवढा, अख्खा पडदा भरून गेला, आणि कड कशी, तर घोटीव. कुठं खरखर नाही, कुठं रंग सांडलेला नाही. गुणाजीनं जन्मभर होड्यांवरची नावं रंगवताना बघितलेली, पेंटर पालथा पडून एकेक अक्षर घोटतोय, ऊन उतरलं तरी नाव पुरं होत नाही. तो पडद्याकडं बघत राहिला आणि आजूबाजूला वर्ग आहे हे विसरून मोठ्यानं म्हणाला, "बाय गो, पन ह्ये आयलं कुठशी?"

हे वाक्य पुढं त्या क्लासमध्ये इतकं गाजलं की काही विचारू नका. मॅडमनी निळ्यातून केशरी, केशरीतून पिवळा असा रंग अलगद उतरवला, संध्याकाळचं आभाळ हो अगदी, की मागून पोरं म्हणायची, "बाय गो, पन ह्ये आयलं कुठशी?" गुणाजी रागावला नाही. त्याला उत्तर हवं होतं.

आणि एक दिवस काय झालं, मालूनं होडी काढलेली, नाळ, शीड, डोलकाठी, सगळं झालेलं, आणि गुणाजीचा हात पडला कुठल्यातरी बटणावर. होडी गेली. सगळी. पांढरा पडदा. गुणाजीचा चेहरा पडला, म्हणाला, "बुडवली मी." मालू म्हणाली, "थांबा आबा." दोन बटणं एकदम दाबली, आणि होडी जशीच्या तशी पाण्यावर. गुणाजीनं पडद्यावर बोट टेकवून बघितलं. तो लहान असताना त्याच्या बापाची होडी खाडीत उलटलेली. अख्खा कोळीवाडा दोर घेऊन काठावर उभा, आणि निघाली ती अर्धी फळकुटं. बाप त्यानंतर कितीतरी दिवस नुसता पाण्याकडं बघत बसायचा. ते सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. मग हळू आवाजात म्हणाला, "परत एकदा कर." तिनं पुसली, परत आणली. "परत." तिनं परत आणली.

मी विचारलं त्याला, काय रे, एवढं काय त्यात? म्हणाला, "तू नाय बघितलंस."

बरं, हा अडाणी होता अशातला भाग नाही. जुनी मॅट्रिक झालेला. पण हात ऐकेनात. डबल क्लिक म्हणजे टक-टक करायचं, ह्याचं व्हायचं टक... आणि मग विचार करून टक. तेवढ्यात कम्प्युटर समजायचा, ह्यांना काही नको असेल. आणि ती मालू! मराठी टाईप करताना अर्धं अक्षर आधी, काना मागून, वेलांटी कुठं आधी कुठं नंतर, सगळं इंग्रजी बटणांवर पाठ. बोटं अशी फिरायची, जाळं विणताना सुई फिरते तशी, बघणाऱ्याला गाठ दिसतच नाही, नुसतं जाळं वाढताना दिसतं. एकदा तिनं सरंगा काढायला घेतला. सरंगा म्हणजे पापलेट हो. वरचा अर्धाच काढला, पाठीचा. गुणाजी म्हणाला, "पोट?" तिनं काहीतरी दाबलं, आणि तोच अर्धा उलटा होऊन खाली येऊन चिकटला. अख्खा मासा. गुणाजी म्हणाला, "तोंड जरा खाली घे." तिनं एक बारीक ठिपका धरून ओढला, तोंड खाली आलं. त्या दिवशी प्रिंटर चालू होता. कागद बाहेर आला तो गरम, तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखा. गुणाजीनं तो गालाला लावला. सगळ्यांसमोर. मालूला म्हणाला, "बाय गो, पन ह्ये आयलं कुठशी?"

आणि ह्या वेळेला मालूनं उत्तर दिलं. "माझ्या हातातून, आबा."

घरी जाताना वाटेत ती अचानक म्हणाली, "आबा, परीक्षा झाल्यावर हे सगळं मी विसरून जाणार ना?" गुणाजी म्हणाला, "का विसरशील?" ती म्हणाली, "घरी कुठं मशीन आहे?" बस, एवढंच. जनाबाईनं बजावलेलं त्याला आठवत होतं, आणि मालूलाही आठवत होतं, आणि दोघांनाही आठवतंय हे दोघांना माहीत होतं. गुणाजी चालत राहिला. त्या रात्री जेवला नाही नीट. जनाबाई म्हणाली मासळी शिळी वाटली का तुला, त्यावरून वेगळं भांडण.

परीक्षा दसऱ्यानंतर होती. प्रोजेक्ट करून फ्लॉपीवर द्यायचा, शिवाय एक छोटं काम तिथं बसून करायचं. मालूनं कोळीवाड्याच्या जत्रेचं निमंत्रण केलेलं. वर देवीचं देऊळ, खाली पाणी, पाण्यात होडी, कडेनं सरंग्यांची नक्षी, मध्ये मजकूर. क्लासमधल्या इतर पोरांनी काय केलेलं, तर टूथपेस्टची जाहिरात. मॅडम बघून म्हणालेल्या, "हे मी एक्झामिनरना आधी दाखवणार." मालूनं ती फ्लॉपी घरी आणली, कपाटात जपून ठेवली.

आणि दसरा आला.

दसऱ्याला हत्यारं पुजतात. कोळ्याच्या घरी काय, वल्ही, जाळं, कोयता. जनाबाईनं सगळं मांडलं. मग तिला वाटलं, सून जे शिकते त्याचं हत्यार कुठाय? कपाट उघडलं. चौकोनी, काळी, हातात मावणारी वस्तू. हेच असणार. आणलं, पाटावर ठेवलं. आता हळदकुंकू लावायचं कुठं? फ्लॉपीला ते पत्र्याचं झापण असतं ना, सरकवलं की आतली चकती दिसते? जनाबाईनं सरकवलं. म्हणाली, हे कपाळ असणार. आणि लावलं. ओलं करून. वर अक्षता, झेंडूचं फूल, सोनं म्हणून आपट्याचं पान. मनापासून हात जोडले, म्हणाली, "माझ्या सुनेला यश दे." मग पुसून परत कपाटात. कोणाला कळलं नाही.

परीक्षेच्या दिवशी लक्ष्मी मॅडमनी फ्लॉपी मशीनमध्ये घातली. मशीन आधी गुरगुरलं. मग खाकरलं. मग असा आवाज केला की वळचणीला मांजर भांडतंय. पडद्यावर आलं, वाचता येत नाही. काढली, फुंकली, घातली. परत तेच. मॅडमनी झापण सरकवलं, वास घेतला. "मोरेकर, ह्याला हळदीचा वास कसा?" मालू आणि गुणाजीनं एकमेकांकडं बघितलं. दोघांना एकाच वेळी जनाबाई दिसली.

मशीनमध्ये दुसरी प्रत होती, पण परीक्षेसाठी आदल्या दिवशी सगळी मशीनं पुसून कोरी केलेली. म्हणजे गेलं. समूळ. गुणाजीनं विचारलं, "ती दोन बटणं दाबून..." मॅडम म्हणाल्या, "नाही काका. ह्याला ती चालत नाहीत."

बाहेरचे परीक्षक आलेले, त्र्यंबकराव म्हणून, पांढरे केस, चापून बसवलेले, ठाण्यातच तलावपाळीजवळ स्वतःचं डीटीपी सेंटर. ते शांतपणे म्हणाले, "काम नसेल तर मला गुण देता येणार नाहीत, बाई. पुढच्या बॅचला बसा. मात्र वेळ संपायला अजून अवकाश आहे, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

मालूच्या डोळ्यांत पाणी आलं असणार असं गुणाजीला वाटलं. त्यानं बघितलं, तर नाही. तिनं मधली ती मोकळी खुर्ची पुढं ओढली, आणि त्या खुर्चीत बसली. आणि म्हणाली, "आबा, जरा सरका."

लग्न होऊन आल्यापासून तिनं त्याला कधी काही करा म्हणून सांगितलेलं नव्हतं. गुणाजी सरकला. भिंतीपर्यंत सरकला.

मग तुम्हाला सांगतो... गुणाजी हे सांगताना दर वेळी थांबतो. देऊळ उभं राहिलं. कळस आधी, मग खांब, एक काढला आणि त्याचे चार केले. पाणी आलं, निळं, खाली काळपट होत गेलेलं. होडी आली. सरंगा, आधी पाठ, मग पोट, मग तोंड खाली, मग त्याची रांगच्या रांग कडेनं पोहत गेली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, तिला पत्ता नाही. गुणाजीनं ते बघितलं आणि मान फिरवून फक्त पडद्याकडं बघत राहिला. आपापली परीक्षा सोडून पोरं मागं येऊन उभी राहिली, मॅडम त्यांना जा म्हणायचं विसरल्या. फक्त बटणांचा आवाज. मजकूर आला, वेलांट्या जागच्या जागी, रफार जागच्या जागी. आणि गुणाजी म्हणतो, मला हसू नका, पण मला वाटलं की मी देवीच्या गाभाऱ्यात उभा आहे आणि बूट काढले ते बरं झालं.

कागद बाहेर आला. त्र्यंबकरावांनी चष्मा पुसून बघितला. उलट बाजूही बघितली, का कोण जाणे. विचारलं, "हे पाठ केलं होतंत का?"

"नाही सर. मासा माहीत होता."

त्र्यंबकरावांनी गुण मांडले, आणि मग गुणाजीकडं वळून म्हणाले, "आपण वडील ना यांचे?"

"सासरा."

"माझ्याकडे मराठी नीट लावणारं माणूस मिळत नाही. रफार एकीकडे, अक्षर दुसरीकडे. यांना पाठवाल का माझ्याकडे कामाला? दिवसाचं काम आहे. आपली परवानगी असेल तर."

मालू जमिनीकडं बघायला लागली. गुणाजीच्या कानात जनाबाई. फकस्त कोर्स हां. तो उभा राहिला, मोज्यांवर. म्हणाला, "तिला विचारा. मशीन ती चालवते."

मालूनं मान वर केली. "येते," म्हणाली. एवढंच.

हो, गुणाजीची स्वतःची परीक्षा? झाली की. मालू उठल्यावर त्याच मशीनवर व्हिजिटिंग कार्ड करायचं होतं. वेळ संपला तेव्हा कार्डावर 'गुणा' एवढं आलेलं. त्र्यंबकराव म्हणाले, "छान. सुटसुटीत आहे." नापास केलं.

दोघं घरी आले. दारात जनाबाई बसलेली, कोयत्यावर मासळी कापत. गुणाजीनं सगळं सांगितलं, नोकरीसकट, एका दमात, मध्ये थांबलो तर हिंमत जाईल म्हणून. जनाबाई कापत राहिली. मग विचारलं, "आनि ती काली चकती?"

"तुझ्या हळदीनं गेली."

"देवीनं घेतली ती," जनाबाई म्हणाली. "पयली देवीची. दुसरी बघ कशी आयली." मग मालूकडं बघितलं. म्हणाली, "मी पयल्यांदा मासलीची पाटी घेऊन मार्केटात गेलेली, तवा माझी सासू दारात आडवी झोपलेली. म्हनाली, जायाचं तर मला वलांडून जा. मी वलांडून गेली. आनि दिवसभर मला भाव बोलता नाय आला, रडत होती मी." कोयता बाजूला ठेवला. "मी नाय झोपनार दारात. जा तू."

मालूनं वाकून तिच्या पायाला हात लावला, आणि तेव्हा मात्र रडली. जनाबाई म्हणाली, "अगो, हाताला मासली हाय, सर लांब."

गुणाजी पुढं झाला. म्हणाला, "मग सोमवारपास्नं मी हिच्या सोबतीला..."

"तू कशाला? आफिस उजेडात असतंय. ती एकटी जाईल. मी गेलेली ना एकटी?"

आता बोला. ज्या बाईनं सोबतीला पाठवलं, तिनंच सोबत रद्द केली. मालू जाते रोज, परवा तर तिनं लावलेली लग्नपत्रिका आमच्याच घरी आली, दुसऱ्या कोणाकडून, आणि गुणाजीनं ती माझ्या हातातून ओढून घेतली, मजकूर नाही वाचला, नुसतं अक्षरांवरून बोट फिरवत बसला. पण त्या पहिल्या सोमवारी सकाळी काय झालं, ते सांगतो. मालू डबा घेऊन निघाली. गुणाजी दारात उभा राहून वळणापर्यंत तिला बघत राहिला, मग आत येऊन खाटेवर बसला. जनाबाईनं त्याच्यासमोर बोंबलांची पाटी आणून ठेवली.

"सून कामावर गेली," म्हणाली. "आता ह्ये कोन साफ करनार?"

गुणाजीनं पाटीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि बाह्या सारल्या. काय करतो बिचारा, ह्या कोर्सला अ‍ॅडमिशन घ्यावी लागली नव्हती.